जाळीत काय टाकलंय?

आंघोळीचं पाणी घोट्यापर्यंत साचायला लागलं, तेव्हा रुचिरा सामंतने ठरवलं, की आता आपणच काहीतरी करायचं.

बाथरूमची जाळी तुंबणं ही काही नवी गोष्ट नव्हती. बोरिवलीतल्या त्यांच्या जुन्या सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या घरी ती तुंबलेलीच असायची. असं झालं की लोक वॉचमनला फोन लावायचे आणि म्हणायचे, "त्याला वर पाठव." तो म्हणजे शिवदास, सोसायटीचा सफाई कामगार. जिने झाडायचे आणि कचरा खाली न्यायचा, हे त्याचं ठरलेलं काम. तुंबलेल्या मोऱ्या आणि संडास मोकळे करायचे, हे त्याचं न ठरलेलं काम. चाळिशी ओलांडलेला, अबोल माणूस. बरीच वर्षं तो त्या इमारतीत येत होता, आणि बऱ्याच घरांना त्याचं नावही धड ठाऊक नव्हतं.

रुचिरा एका ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. नवरा राजेश कामासाठी महिना-महिना बडोद्याला, मुलगी शाळेत, त्यामुळे घरचं सगळं तिच्याच अंगावर. बाजारातली नाली साफ करायची पुडी तिने आणून टाकली, काही फरक पडला नाही. 'पुडीत अर्धी मातीच असणार,' ती स्वतःशीच हसली. 'खरा माल तर आमच्या लॅबमध्ये आहे.'

आणि दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून तिने तो खरा माल घरी आणला. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे पांढरेशुभ्र, साबुदाण्याएवढे दाणे. कॉलेजच्या स्टोअरमधून असं काही घरी न्यायची परवानगी नव्हती. पण मूठ-दोन मूठ दाण्यांनी कुणाचं काय बिघडणार होतं? संध्याकाळी तिने ते सगळे जाळीत ओतले, वर थोडं गरम पाणी टाकलं, बरणी तिथेच कोपऱ्यात ठेवली, खिडकी उघडली आणि दार लावून घेतलं. मुलीला बजावलं, "आज त्या बाथरूममध्ये अजिबात पाय ठेवायचा नाही हं!"

म्हणजे पाहा, पोटच्या पोरीला सांगायचं तिला बरोबर सुचलं होतं.

सकाळी पाहते तो पाणी थोडंसं उतरलेलं, पण जाळी तशीच ठप्प. खाली दाण्यांचा दगडासारखा गोळा बसला असावा. ती वैतागली. शेवटी तिनेही वॉचमनला फोन केला, "त्याला वर पाठव."

शिवदासने बेल वाजवली, तेव्हा ती फोनवर प्रॅक्टिकल परीक्षेच्या मीटिंगमध्ये होती. मोबाइल कानाला लावूनच तिने दार उघडलं. समोर शिवदास. एका हातात लोखंडी सळई, दुसऱ्या हातात कोल्ड्रिंकची जुनी बाटली, आणि तिच्यात पिवळट अ‍ॅसिड. सगळ्याच इमारतीत वापरतात ते, संडास घासायचं.

सांगायचं तिच्या मनात आलं नाही, असं नाही. आलं होतं. 'आत कॉस्टिक आहे' एवढेच तीन शब्द. पण तिकडून प्राचार्य काहीतरी विचारत होते. शिवाय कॉस्टिक म्हटलं की हा खाली जाऊन चार जणांत बोलेल, मॅडमनी कॉलेजातून आणलं म्हणेल, हीही एक बारीकशी टोचणी होती. 'मीटिंग संपली की सांगू,' असं मनाशी म्हणत तिने नुसता हात केला. बाथरूमच्या दिशेने. तो चपला दाराबाहेर काढून, अंग चोरत आत गेला.

ती खोलीत परतली. खुर्चीवर बसतच होती, आणि तिने तो आवाज ऐकला.

कडकडीत तापलेल्या तेलात पाण्याचा शिपका पडावा तसा. चर्रर्र! आणि मागोमाग माणसाची किंकाळी. मधेच तुटलेली, पुन्हा उठलेली. रुचिराच्या हातातून फोन सुटला.

बाथरूमच्या दारात ती थिजून उभी राहिली. जाळीतून पांढरी वाफ भसाभसा वर येत होती, नाकात जाताच घसा आवळला जात होता. शिवदास गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हात चेहऱ्यावर गच्च दाबलेले. "डोळे... ताई, डोळे!" एवढंच तो म्हणत होता. अ‍ॅसिडची बाटली बाजूला आडवी पडली होती.

कॉस्टिकवर त्याने अ‍ॅसिड ओतलं होतं!

 फळ्यावर शेकडो वेळा लिहिलेलं समीकरण डोळ्यांसमोर आलं. अ‍ॅसिड अधिक बेस, बरोबर मीठ अधिक पाणी. मुलांना ती सांगायची, दोन जहाल पदार्थ एकमेकांना शांत करतात. शांत! आणि इथे तर जाळी उकळत होती.

ती स्वयंपाकघरात धावली, खायच्या सोड्याचा डबा उचलला. अ‍ॅसिडवर सोडा टाकायचा! दारापर्यंत आली आणि जागीच थांबली. त्याच्या चेहऱ्यावर नेमकं काय उडालं होतं? अ‍ॅसिड की कॉस्टिक? कॉस्टिक असेल तर सोडा काय कामाचा? मग लिंबू? की दोन्ही उडालं होतं? एम. एस्सी. झालेल्या त्या बाईला काही म्हणता काही सुचत नव्हतं.

किंकाळी ऐकून दारात माणसं जमली. कुणी म्हणालं हळद लावा, कुणी म्हणालं टूथपेस्ट लावा. आत मात्र कुणी येईना. तेवढ्यात गर्दीला बाजूला सारत समोरच्या घरातल्या कॉन्सेप्टा टीचर आत आल्या.

कॉन्सेप्टा टीचर मूळच्या गोराईच्या. सारा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला, आता निवृत्त. गुडघे दुखायचे म्हणून काठी घेऊन चालायच्या, पण त्या क्षणी काठी कुठे पडली ते त्यांनाही कळलं नसेल.

"डबा ठेव तो! पाणी! नुसतं पाणी!" त्या ओरडल्या. "रुचिरा, धर याला दुसऱ्या बाजूने. स्वयंपाकघरात घे. नळाखाली!"

स्वयंपाकघरात. रुचिरा क्षणभर अडखळली. इतक्या वर्षांत त्या घराच्या स्वयंपाकघरात शिवदासचं पाऊल पडलं नव्हतं. टीचरनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की ती मान खाली घालून पुढे झाली.

सिंकमध्ये त्याचं डोकं वाकवून टीचरनी नळ पूर्ण सोडला. वेदनेने मिटलेल्या पापण्या बोटांनी उघडून धरल्या. "डोळा उघडा ठेव शिवदास, बाबा, उघडा ठेव. दुखेल, पण उघडा ठेव." तो थरथर कापत होता, मधेच ओकारी येत होती. शर्टाच्या बाहीला भोकं पडली होती, म्हणून टीचरनी शर्ट कात्रीने कापून काढायला लावला. कुणीतरी म्हणालं, आता पुरे, हॉस्पिटलात न्या. "निदान अर्धा तास!" टीचर गरजल्या. "खाली रिक्षा थांबवून ठेवा. पाणी थांबणार नाही."

पाणी ओततानाच त्यांनी विचारलं, "काय होतं गो?"

रुचिराने पडलेल्या बाटलीकडे बोट दाखवलं. "अ‍ॅसिड," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. पण तिला माहीत होतं, की ते खरंही नव्हतं.

रुग्णालयात सोसायटीचे सेक्रेटरी जयवंत परब बरोबर आले होते. मालवणकडचे, निवृत्त, मनाने वाईट नाहीत, पण कागदोपत्री काही अंगाशी येऊ नये याची धास्ती घेतलेले. डोळ्यांच्या विभागातल्या डॉक्टर गंधाली यांनी शिवदासला आत घेतलं. बराच वेळ डोळे धुणं चाललं. मग त्या बाहेर आल्या.

"काय उडालंय? नुसतं अ‍ॅसिडच ना? आणखी काही?"

"नुसतं अ‍ॅसिड," जयवंतरावांनी लगेच सांगितलं. "त्याचंच होतं. स्वतःच घेऊन आला होता."

डॉक्टरांनी रुचिराकडे पाहिलं. "घर तुमचं का?"

तिने मान हलवली. आणखी काही उडालं होतं का, हा प्रश्न तिने तसाच जाऊ दिला. आणि डॉक्टर आत निघून गेल्या.

त्या बाकावर बसल्यावर भीती म्हणजे काय हे रुचिराला कळलं. आधी ती भीती त्याच्यासाठी होती. मग तिचं तिलाच कळेना, की ती कुणासाठी घाबरलीय. पोलीस येतील. बरणी कुठून आली, विचारतील. कॉलेजात चौकशी लागेल. नोकरी जाईल. वर्तमानपत्रात नाव येईल, 'रसायनशास्त्राची प्राध्यापिका'. मुलीला शाळेत कुणीतरी दाखवेल.  आतून शिवदासचा कण्हण्याचा आवाज आला, की तिच्या छातीत धस्स व्हायचं. आवाज थांबला, की त्याहून जास्त.

जयवंतराव शेजारी येऊन बसले. हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमच्या तोंडावरून दिसतंय मला. निघताना बाथरूममधली ती बरणी बघितली मी. गप रवा! आपण काय मुद्दाम केलं? अ‍ॅसिड त्याने ओतलं. ओतायच्या आधी विचारायला नको त्याने? उद्या पोलीस केस झाली तर सोसायटीचीपण वाट लागेल. उपचारांचं आपण सगळे मिळून बघू. माणुसकी म्हणून बघू. पण तोंड उघडू नका."

हे ऐकून तिला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच भीती वाटली.

तेवढ्यात शिवदासची बायको आली, वनमाला. कामावरून तशीच धावत आलेली, कपाळावरचा घाम पुसायचंही भान नसलेली. तिला कुणावर ओरडायचं नव्हतं. ती नवऱ्यावरच रागावली होती. "किती वेळा सांगितलं मी यांना, ते अ‍ॅसिड हाताळताना जपून. ऐकतच नाहीत. आता बघा! स्वतःच्या हाताने..." आणि मग रुचिराचे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही लगेच पाणी टाकलंत, इथवर आणलंत. उपकार झाले तुमचे."

रुचिराला वाटलं, जमीन फाटावी. ती उठली आणि जिन्यापाशी गेली. तिथे कॉन्सेप्टा टीचर भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"नुसत्या अ‍ॅसिडने जाळीतून एवढी उसळी येत नाही, रुचिरा," त्या शांतपणे म्हणाल्या. "काय टाकलं होतंस?"

रुचिराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "कॉस्टिक. लॅबमधलं. काल संध्याकाळी."

"दाणे?"

"हो."

टीचरनी डोळे मिटले. "आणि डॉक्टरला सांगितलंस?"

मागून जयवंतराव आलेच. "टीचर, आता ते धुतलंय ना सगळं! अ‍ॅसिड काय, कॉस्टिक काय, पाणीच मारणार. कशाला उगाच..."

"जयवंतराव, सारखं नसतं ते!" टीचरचा आवाज चढला. "अ‍ॅसिडने बहुतेक वेळा वरचा थर करपतो आणि तिथे अडतं. कॉस्टिक आत उतरत जातं. साबण करतं ते मांसाचा, साबण! आणि एखादा दाणा पापणीच्या मागे अडकला असेल, तर वरून कितीही पाणी मारा, तो तिथे बसून विरघळत राहील. आपण इथे बोलतोय तोवर डोळा जळतोय त्याचा. डॉक्टरला माहीत असेल, तर ती दाणा शोधेल. अ‍ॅसिड समजून बसली, तर कशाला शोधेल?"

 जयवंतराव मात्र लगेच म्हणाले, "तरी पण त्याने विचारायला पाहिजे होतं, ते खरं ना?"

"कुणाला विचारणार होता?" टीचर म्हणाल्या. "आपल्यातलं कुणी कधी त्याच्याशी बोललंय का? मीसुद्धा नाही. आपण दार उघडतो, बोट दाखवतो आणि नाकाला रुमाल लावून आत जातो. तो विचारायला तोंड उघडेल, तर म्हणू, 'तुला काय करायचंय, तू तुझं काम कर.' विचारायची हिंमतच आपण त्याच्यात शिल्लक ठेवली नाही, आणि आता म्हणतो, विचारलं का नाही! आणि रुचिरा, तुला तर ठाऊक होतं गो. शिकलेल्या माणसाने ठाऊक असलेलं सांगितलं नाही, तर त्याच्या शिक्षणाचा उपयोग काय? तुझ्या पोरीला तू सांगितलं होतंस ना, आत जाऊ नको म्हणून?"

तो शेवटचा प्रश्न बाणासारखा लागला. रुचिराने मुलीला सांगितलं होतं. शिवदासला सांगितलं नव्हतं. एकच बाथरूम, एकच जाळी. मग दोघांच्या डोळ्यांत काय फरक होता?

"माझी नोकरी जाईल, टीचर," ती कशीबशी म्हणाली.

"कदाचित जाईल. मी खोटा धीर देणार नाही. पण त्याचे डोळे गेले, तर ते कुठून आणशील?"

 रुचिरा शिवदासच्या खोलीच्या दाराशी गेली आणि तिने ते ढकललं. जयवंतरावांनी मागून "वहिनी!" म्हणून हाक मारली. तिने ती ऐकली, पण वळली नाही.

"डॉक्टर, नुसतं अ‍ॅसिड नव्हतं! जाळीत मी कॉस्टिक सोड्याचे दाणे टाकले होते. त्याला सांगितलं नव्हतं. तुम्हालाही सांगितलं नाही."

 खाटेवर पडलेल्या शिवदासने आवाजाच्या दिशेने मान वळवली. डॉ. गंधाली एक शब्दही न बोलता त्याच्याकडे वळल्या. डोळ्यांवरची पट्टी काढली. डोळ्याच्या कोपऱ्याला लिटमस कागदाची छोटी पट्टी लावली.

रुचिरा बघत होती. ती पट्टी तिने हजारदा पाहिली होती. मुलं हसत-खिदळत परीक्षानळीत बुडवायची ती. आता ती मनात एकच घोकत होती. गुलाबी राहा, देवा, गुलाबी राहा.

पट्टी हळूहळू निळी झाली. म्हणजे कॉस्टिक अजून डोळ्यातच होतं.

"सिस्टर, सलाईन लावा! पुन्हा धुवायचंय!" डॉक्टर ओरडल्या. "आणि तुम्ही बाहेर थांबा!"

दार लागलं. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसता शिवदासचा आवाज यायचा आणि वनमाला तोंडात पदर कोंबायची. तिला आता सगळं कळलं होतं. ती रुचिराकडे पाहत नव्हती. मघाशी हात धरणारी ती आता बाकाच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती. रुचिरा मधोमध एकटी. कॉन्सेप्टा टीचर उभ्याउभ्याच ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटत होत्या. मध्ये एकदा नर्स घाईघाईने बाहेर आली, आणखी सलाईनच्या बाटल्या घेऊन आत गेली. विचारायची हिंमत कुणालाच झाली नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी डॉ. गंधाली बाहेर आल्या. कपाळ घामाने भिजलं होतं. "उजव्या पापणीच्या अगदी वरच्या घडीत होता. दाण्याचा तुकडा. पापणी उलटी करूनही पटकन दिसला नसता, इतका आत. आता काढलाय." मग त्या रुचिराकडे वळल्या. "आणखी उशीर झाला असता, तर तो डोळा गेलाच होता. आताही उजव्याची खात्री देता येत नाही. डावा वाचेल असं वाटतंय."

वनमाला मटकन खाली बसली आणि रडायला लागली. रुचिरा तिच्याजवळ गेली. जमिनीवर तिच्या शेजारी बसून राहिली. वनमालाने तिला जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. पोलिसांनी जबाब घेतला. रुचिराने बरणीसकट सगळं सांगितलं. कॉलेजने चौकशी बसवली, लॅबचा चार्ज काढून घेतला, लेखी ताकीद दिली. नोकरी गेली नाही, पण कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये ती आली की बोलणी थांबायची. राजेश बडोद्याहून आला, आधी चिडला, मग तिच्याबरोबर रोज रुग्णालयात यायला लागला. ज्या सगळ्याची त्या बाकावर तिला इतकी भीती वाटली होती, ते सगळं सोसण्यासारखं निघालं. एकच गोष्ट सोसवत नव्हती. शिवदासशी बोलायचं अजून बाकी होतं.

ती गेली तेव्हा तो खाटेवर बसून होता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या.

"शिवदास, मी रुचिरा. तिसऱ्या मजल्यावरची."

"आवाजावरून कळलं, ताई."

"चूक माझी होती. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्याने डोळ्यावरची पट्टी बोटांनी चाचपली. मग म्हणाला, "एक शब्द सांगितला असता, तर बाटली मी बाहेरच ठेवली असती." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "पट्टी बांधून पडलो की रात्रंदिवस तोच आवाज येतो बघा. चर्र करून. झोप लागत नाही. वाटतं, आता कायमचा अंधार."

"मी काय करू, सांगा."

"माझं मी बघीन," तो म्हणाला. "पण उद्या माझ्या जागी दुसरा कुणी येईल. त्याला तरी सांगत जा."

'मला माफ केलं' असं तो म्हणाला नाही. आणि माफी मागून मोकळं व्हायला ती आली होती, हे रुचिराच्या तिथेच लक्षात आलं. ती मोकळी झाली नाही. पण काय करायचं, ते तिला कळलं.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या आवारात सभा भरली. पार्किंगचा विषय होता. तो बाजूला ठेवून रुचिरा उभी राहिली.  

"माझ्यामुळे शिवदासचे डोळे भाजले," तिने सुरुवात केली. कुजबुज झाली. "अ‍ॅसिड त्यांचं होतं, पण त्याखाली कॉस्टिक मी टाकलं होतं. मला माहीत होतं, की हे दोन एकत्र आले तर उकळी फुटते. मी हाच विषय रोज शिकवते. तरी मी बोलले नाही, कारण मी फोनवर होते, आणि कारण..." ती थांबली. "कारण त्यांना थांबवून सांगण्याइतकं ते मला महत्त्वाचं वाटलंच नाही. खरं हेच आहे."

 मग मागून पहिल्या मजल्यावरचा नितेश हळूच म्हणाला, "आमच्याकडे पण टाकलीय ना पुडी. काल. आणि वॉचमनला सांगितलंय, कुणालातरी पाठव म्हणून." त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. खिशातून फोन काढून तो तसाच जिन्याकडे पळत सुटला.

त्या पळत सुटलेल्या माणसाकडे बघताना सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. जे एकदा घडलं होतं ते त्याच क्षणी वर, कुणाच्या तरी बाथरूममध्ये, पुन्हा घडणार होतं! सुदैवाने अजून कुणी आलं नव्हतं. नितेश धापा टाकत परत आला आणि खुर्चीत कोसळला.

मग वाद घालायला कुणी उरलं नाही. त्याच सभेत ठरलं, की सुटं अ‍ॅसिड इमारतीत आणायचं नाही, कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कुठलंच रसायन भरायचं नाही. जाळीत काही टाकलं, तर दारावर चिठ्ठी लावायची आणि येणाऱ्या माणसाला तोंडाने सांगायचं. मोरी साफ करायला जाड हातमोजे, चष्मा आणि तुंबा ओढून काढायचा रबरी पंप सोसायटी घेईल. आणि चुकून डोळ्यांत काही उडालंच, तर लिंबू नाही, सोडा नाही, पाणी. कॉन्सेप्टा टीचरनी ते सगळ्यांकडून शाळेतल्या पोरांसारखं मोठ्याने म्हणवून घेतलं. सभेच्या शेवटी जयवंतराव उठले. म्हणाले, "त्या दिवशी डॉक्टरला मी खोटं सांगितलं. वहिनींनी ऐकलं असतं माझं, तर त्याचा उजवा डोळा गेल्याचं पाप आज माझ्या नावावर असतं." आणि खाली बसून चष्मा पुसत राहिले.

शिवदास कामावर परतला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. डावा डोळा चांगला होता. उजव्यातून धुक्यातून पाहावं तसं अंधुक दिसायचं, आणि ते तसंच राहणार होतं. गालावर डाग राहिले होते.

पहिलंच काम निघालं ते जयवंतरावांच्या घरी. त्यांनी दार उघडलं. शिवदास चष्मा आणि हातमोजे घालून उभा होता. पंप हातात होता, तरी आत यायला तो जरा बिचकत होता. उंबऱ्यावरच थांबून, इतक्या वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न त्याने विचारला.

"साहेब, जाळीत काय टाकलंय?"

जयवंतरावांनी हातातला पेपर खाली ठेवला. "काही नाही, नुसतं गरम पाणी. चला, दाखवतो." आणि ते त्याच्याबरोबर बाथरूमपर्यंत गेले. शिवदासने जाळी उचलली, वास घेतला, मान हलवली. काम संपेपर्यंत ते दारातच उभे राहिले. मग त्यांनी बायकोला हाक मारून दोन कप चहा टाकायला सांगितला.

वाचकहो, आपल्या घरातली घाण जो हाताने काढतो, त्याचे हात आणि डोळे आपल्यासारखेच हाडामांसाचे आहेत. तो दारात आला, की बोट दाखवून आत निघून जाऊ नका. आत काय आहे ते त्याला सांगा. आणि चूक झालीच असेल, तर ती लपवू नका, लगेच सांगा. आपली अब्रू नंतर सावरता येते. गेलेली नजर परत येत नाही.